चार पावलांचा धनी

१९५१ साली हॉलिवूडच्या 'रॉयल वेडिंग'मध्ये फ्रेड अस्टेअर खोलीच्या भिंतीवरून चढत गेला आणि त्यानं छतावर नाचून दाखवलं. त्यासाठी अख्खी खोली फिरत्या सांगाड्यात बसवली होती आणि कॅमेराही खोलीसोबत फिरत होता. त्याच वर्षी मुंबईत भगवान आभाजी पालव नावाचा एक ठेंगणा, भरल्या अंगाचा माणूस 'अलबेला'मध्ये गीता बालीसमोर उभा राहिला आणि जवळजवळ जागच्या जागी डुलला. अस्टेअरच्या त्या नाचावर आजही लिहिलं-बोललं जातं. भगवानदादांचं डुलणं कुठल्या वर्गात शिकवत नाहीत, पण वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही वरातीत ते हमखास दिसतं.

यातलं मोठं काय, यावर दोघांचं कधीच पटत नाही. एक मामा, हिंगणघाटच्या गिरणीत सूतकताईच्या रिंगखात्यात उमेदीची वर्षं घालवलेले. दुसरी त्यांची भाची, वर्ध्यात कथ्थकचा वर्ग चालवणारी. दोघांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून.

भाची : मामा, भगवानदादा मलाही आवडतात, हे आधीच सांगून टाकते. टीव्हीवर 'अलबेला' लागला की हातातलं काम तसंच राहतं. पण त्यांना थोर नर्तक म्हणायला जीभ वळत नाही. नाच म्हणजे रियाज. त्यांच्याजवळ चार पावलं होती, तीच त्यांनी जन्मभर पुरवली.

मामा : चार तर चार. कोणती, ते सांग.

भाची : गुडघे जरासे वाकलेले. कोपरं अंगाला धरून, तळवे छातीच्या उंचीवर, बोटं सैल. आधी खांदा जातो, कंबर मागाहून. पाय उचलले जात नाहीत, सरकतात. मध्येच भुवई उडते, गालात हसू येतं आणि मान एका बाजूला पडते. हे सगळं मात्रेवर नाही, मात्रेच्या किंचित मागे. बस, एवढंच.

मामा : एवढं बारीक पायलं तू, अन् वरून म्हणतेस नाच नाही!

भाची : बारीक पाहणं हा माझा धंदाच आहे. म्हणून तर फरक कळतो. अस्टेअरचा आग्रह असायचा की नाचणाऱ्याचं अंग डोक्यापासून बुटापर्यंत पडद्यावर दिसलं पाहिजे, आणि नाच शक्यतो न तोडता एका दमात घेतला पाहिजे. म्हणजे चूक लपवायला जागाच नाही. १९३६ च्या 'स्विंग टाइम'मधला शेवटचा नाच घेताना ४७ टेक झाले. त्याची जोडीदार जिंजर रॉजर्स हिच्या पायांतून रक्त आलं, तरी ती नाचत राहिली. आणि त्याच्या टॅप-नाचाचा बूट पाहिलात का? पंजाला आणि टाचेला धातूची पट्टी स्क्रूनं बसवलेली असते. स्क्रू जरा सैल केला की आवाज बदलतो. चित्रपटात जे ठोके ऐकू येतात, ते बहुतेक वेळा नंतर पुन्हा नाचून ध्वनिमुद्रित केलेले असत. म्हणजे तोच नाच दोनदा, ठोक्याला ठोका जुळवून. भगवानदादांना जमलं असतं हे?

मामा : नसतं जमलं. पण त्याले ते करायचंच नव्हतं. बरं, मले सांग, हे टॅप आलं कुठून? राजवाड्यातून?

भाची : राजवाड्यातून नाही. दोन वाटांनी आलं. एक वाट आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांची. साउथ कॅरोलायनात १७३९ साली गुलामांनी बंड केलं, ढोल बडवत निघाले. पुढच्याच वर्षी कायदा आला आणि त्यांचे ढोल बंद झाले. मग ताल टाळ्यांत, मांड्यांवर, पायांत जिवंत राहिला. दुसरी वाट आयरिश जिगची आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या क्लॉगची. तिथल्या कापडगिरण्यांतले कामगार लाकडी तळव्याचे बूट घालायचे. यंत्रांच्या ठेक्यावर ते बूट फरशीवर वाजवता वाजवता त्याचा नाच झाला. या दोन्ही वाटा अमेरिकेत एकमेकींना मिळाल्या. चार्ली चॅप्लिनसुद्धा आठ-नऊ वर्षांचा असताना 'एट लँकेशायर लॅड्स' नावाच्या क्लॉग नाचणाऱ्या पोरांच्या कंपनीतूनच रंगमंचावर आला.

मामा : घे! म्हणजे एक पाय कापूस वेचणाऱ्या गुलामाचा अन् दुसरा सूत काढणाऱ्या मजुराचा. आता माझं ऐक. लँकेशायरच्या गिरण्या गुलामांनी वेचलेल्या अमेरिकन कापसावर चालायच्या. १८६१ ले तिकडं यादवी लागली, कापूस अडला, अन् साहेबाचे डोळे आपल्या काळ्या मातीकडं वळले. हिंगणघाटचा कापूस तेव्हा विलायतेच्या बाजारात गावाच्या नावानं विकला जायचा. १८६७ ले नागपूरपर्यंत आगगाडी आली, ती काही आपल्याले देवदर्शन घडवायले नाही आली. पुढं हिंगणघाटले अन् पुलगावले गिरण्याच उभ्या राहिल्या. गिरणीतल्या माणसाच्या अंगात ठेका कसा शिरते, हे मले कोणी पुस्तकातून सांगू नये. रिंगखात्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माणूस हातवाऱ्यानं बोलते अन् साच्याच्या तालावर चालते. भोंगा वाजून घरी आलं, तरी पाय काही वेळ तसेच पडतात. अन् भगवान गिरणी कामगाराचाच पोरगा.

भाची : कापूस इथून गेला म्हणून तिकडचा नाच आपला होत नाही, मामा. अमरावतीत जन्मले म्हणून त्यांना वऱ्हाडी म्हणणारेही पुष्कळ भेटतात. पालव हे आडनाव कोकणातलं, माणूस वाढला मुंबईच्या गिरणगावात. आणि वऱ्हाडची हद्द वर्धा नदीच्या पलीकडे संपते, आपण अलीकडचे. आपला त्यावर काय हक्क?

मामा : मी कुठं त्याले वऱ्हाडी म्हणतो? मी त्याले कामगाराचा कलावंत म्हणतो. १ ऑगस्ट १९१३ चा जन्म. मूकपटात मिळेल ते काम केलं. १९३८ ले चंद्रराव कदमांसोबत 'बहादुर किसान' दिग्दर्शित केला. मग दहा वर्षं नुसते मारामारीचे, उड्यांचे, हाणामारीत हशा पिकवणारे स्वस्तातले चित्रपट. हॉलिवूडचा डग्लस फेअरबँक्स त्याचं दैवत. कपडे, खाणंपिणं, सगळं स्वतः पाहायचा अन् ६५,००० रुपयांत चित्रपट हातावेगळा करायचा, असं सांगतात. १९४२ ले जागृती पिक्चर्स काढली, १९४७ ले चेंबूरले जागृती स्टुडिओ. शिकल्या-सवरल्यांनी त्या चित्रपटांकडं ढुंकून पायलं नाही. ते पाहायचा पाळी सुटलेला माणूस.

भाची : त्याच मारामारीच्या चित्रपटांची दुसरी बाजूही सांगा ना. १९४२ च्या सुमाराची गोष्ट. एका प्रसंगात भगवानदादांनी ललिता पवारांना थोबाडीत मारायची होती. हात खरोखरच बसला, तोही असा की चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची कारकीर्द तिथंच संपली. पुढे त्या खाष्ट सासवा करून अमर झाल्या, हे त्यांचं कर्तृत्व. त्याचं श्रेय त्या थपडेला देऊन मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो.

मामा : तो डाग आहे. मी पुसत नाही. पण त्या काळी चित्रीकरणाच्या जागी ना कोणी मारामारी शिकवणारा होता, ना विमा, ना डॉक्टर. गिरणीतही तसंच होतं. पट्ट्यात हात गेला की गेला.

भाची : मी तेच तर म्हणते आहे. तालीम म्हणजे श्रीमंतांचा नखरा नव्हे. हात कुठे थांबवायचा, हे शिकवावंच लागतं. नुसत्या अंगच्या उर्मीवर विसंबलं की कुणाचा तरी डोळा जातो.

मामा : यावर मी गप्प.

भाची : गप्प कशाला? 'अलबेला'वर या.

मामा : येतो. सामाजिक चित्रपट काढ, असं राज कपूरनं सुचवलं म्हणतात. यानं पैसा स्वतःचा लावला, दिग्दर्शन स्वतः केलं अन् नायकही स्वतःच झाला. विचार कर, त्या वर्षी 'आवारा' आला, 'बाजी' आला. तिकडं राज कपूर अन् देव आनंद, अन् इकडं हा, ना उंची, ना रूप. कथा काय, तर गरीब घरचा पोरगा, डोक्यात नाटकाचं वेड. बहिणीच्या लग्नाले पैसा कमी पडते, बाप घराबाहेर काढते, अन् तोच पोरगा रंगमंचावर नाव काढते. गिरणगावातल्या कितीतरी पोरांनी आरशासमोर हेच स्वप्न पायलं असेल. पण पडद्यावर ते त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसानं जगून दाखवलं. गाणी आपल्या सी. रामचंद्रांची. रामचंद्र चितळकर नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, पण गाण्याचे धडे नागपूरले शंकरराव सप्र्यांकडं घेतले. स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांच्यावर पयला भरवसा टाकला तो भगवाननं, एका तमिळ चित्रपटात.

भाची : म्हणजे 'अलबेला'त नाचतं कोण? संगीतच नाचतं! चितळकरांनी स्वतःच्या आवाजात भगवानदादांसाठी गाणी म्हटली, सोबत लता. आणि वाद्यमेळात गोव्याचे वादक. हळदोण्याचे आंतोनिओ झेवियर वाझ, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत, ते ट्रंपेट वाजवायला. झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून त्यांचा बँड चित्रपटात दिसतोसुद्धा. त्या ठेक्यावर खुर्चीत बसलेला माणूसही डुलेल. शिवाय ते बाँगो, ते बेटांवरचे वेश, सगळं परदेशी. उसनवारीच की.

मामा : त्या गोव्याच्या वादकांनी ती चाल कोणाकडून उचलली?

भाची : जाझमधून. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाचा काळा अमेरिकी वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. त्याच्यामागून टेडी वेदरफोर्ड. त्यांना ऐकत, त्यांच्यासोबत वाजवत गोव्याची पोरं तयार झाली.

मामा : अन् तुझा अस्टेअर कोणाकडून शिकला?

भाची : अनेकांकडून. त्यात काळे नर्तक होतेच. बिल रॉबिन्सन, ज्यांना बोजँगल्स म्हणायचे, त्यांना तर त्यानं जाहीर मानवंदना दिली. त्याच 'स्विंग टाइम'मध्ये.

मामा : कशी दिली?

भाची : ...तोंडाला काळं फासून. तेव्हा तिकडे ती रीतच होती.

मामा : वा! म्हणजे ज्याचा नाच त्याचा रंगही उसना घेतला, पण माणूस बाहेर ठेवला. त्याले कोणी उसनवारी म्हणत नाही. अन् दादरचा माणूस झालरीचा सदरा घालून नाचला की ती नक्कल!

भाची : ते मी लपवत नाही, मामा. मीच तर सांगितलं. पण उसनं घेऊन त्यावर व्याज किती चढवलं, हा माझा प्रश्न आहे. अस्टेअरनं चढवलं. बोजँगल्सनी तर काय केलं पाहा. धातूची पट्टी नाही, लाकडी तळव्याचा बूट. लँकेशायरचाच वारसा म्हणा हवं तर. तो बूट घालून ते जिना चढत-उतरत नाचायचे, आणि प्रत्येक पायरीचा सूर वेगळा लागायचा. १९३५ च्या 'द लिटल कर्नल'मध्ये चिमुकल्या शर्ली टेम्पलचा हात धरून ते जिन्यावर नाचले. काळ्या माणसानं गोऱ्या पोरीचा हात धरला म्हणून दक्षिणेकडच्या राज्यांत तो भाग कापून दाखवला गेला.

मामा : अन् त्या बोजँगल्सचं पुढं काय झालं?

भाची : लाखो डॉलर कमावले. दिले, वाटले, जुगारात घालवले. १९४९ मध्ये गेले तेव्हा गाठीला काही नव्हतं, अंत्यविधीचा खर्च दुसऱ्यांनी केला. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मात्र माणसांचा पूर लोटला होता.

मामा : हे तर आपल्या भगवानचंच झालं.

भाची : आणि मला चीड येते ती इथेच. जुहूचा २५ खोल्यांचा बंगला, सात वारांना सात गाड्या आणि शेवटी दादरची चाळ, ही गोष्ट सांगताना लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. आधी ऐश्वर्य फुगवून सांगायचं, मग दारिद्र्य. मधला हिशेब कोणी मांडत नाही. 'अलबेला'चंच सूत्र घेऊन १९५३ मध्ये 'झमेला' काढला, चालला नाही. १९६६ मध्ये 'लाबेला', तोही नाही. 'हंसते रहना' अर्धाच राहिला आणि त्यात पैसा रुतला. नावं बघा ना, एकाच यशाच्या यमकात अडकलेली. यात दैव कुठे आलं? साधा धंद्यातला अंदाज चुकला. शिवाय वाईट दिवसांसाठी नटाच्या हाती काही उरावं, अशी व्यवस्था त्या धंद्यात नव्हती. हे सोडून आपण 'कलावंत असाच असतो' म्हणत सुस्कारे टाकतो.

मामा : हे मात्र तू बरोबर बोललीस. गिरणी बंद झाली तेव्हा आमच्याबद्दलही लोक असंच हळहळले. देणी कधी मिळणार, हे विचारणारे थोडेच होते. पण भगवाननं काम टाकलं नाही. नायकाचा विनोदी सोबती झाला, मग त्याहून लहान कामं, मग गर्दीतला एक चेहरा. 'चोरी चोरी'त आहे. शांतारामांच्या 'झनक झनक पायल बाजे'तही आहे.

भाची : बरं नाव घेतलंत! १९५५ चा चित्रपट. एकाच पडद्यावर गोपीकृष्ण आणि भगवानदादा. एकाच्या पायात कथ्थकची सगळी दौलत, दुसऱ्याच्या वाट्याला विनोद. शांतारामबापूंनीच निवाडा केला म्हणा ना.

मामा : निवाडा शांतारामांचा नाही, लोकांचा. गोपीकृष्णाचं एक पाऊल वरातीत कोणी टाकून दाखवावं! पाय मोडतील. अन् भगवानचं पाऊल नवरदेवाचा सत्तर वर्षांचा आजाही टाकते. अमिताभ बच्चननं नाचायची वेळ आली तेव्हा भगवानचाच आधार घेतला, अन् ते कबूलही केलं. गणपती विसर्जनाले मिरवणुका दादरच्या त्याच्या घराखाली थांबायच्या म्हणतात. 'अलबेला'चं गाणं वाजायचं अन् म्हातारा नाचायचा.

भाची : सगळ्यांना जमतं म्हणजे ती कला? मग शिट्टी वाजवणंही कलाच.

मामा : उलट विचार कर. जे सगळ्यांना जमते, ते पयल्यांदा शोधलं कोणी? १९३१ ले गांधीजी लंडनले गेले होते, गोलमेज परिषदेले. चॅप्लिनले त्यांना भेटायचं होतं. गांधीजींनी विचारलं, हा कोण? जगभरच्या कामगारवस्त्यांत ज्याचं नाव शेंबड्या पोराले ठाऊक, तो त्यांना माहीत नव्हता. गरिबीतून वर आलेला आहे, हे कळल्यावर भेट ठरली. चॅप्लिननं त्यांना यंत्रांबद्दलच छेडलं. त्यानंतर चार दिवसांत गांधीजी लँकेशायरले डार्वेनच्या गिरणी कामगारांत जाऊन बसले. खादीनं ज्यांच्या पोटावर पाय आला, त्यांच्यातच! पुढं पाच वर्षांनी ते आपल्या शेगावात राहायले आले अन् त्याचं सेवाग्राम झालं. मले म्हणायचं एवढंच की कष्टकऱ्यांचा लाडका माणूस वरच्या लोकांच्या यादीत नसते. गांधीजींनी निदान विचारलं तरी, हा कोण. नाचाच्या पुस्तकवाल्यांनी भगवानबद्दल तेवढंही विचारलं नाही. अन् तुझ्या कथ्थकलेही एके काळी सभ्य घरात दार बंद होतं, विसरू नकोस.

भाची : नाही विसरत. नाचणाऱ्या बाईला साहेबांनी आणि आपल्या सुधारकांनी मिळून वाळीत टाकलं होतं. म्हणूनच तर आम्ही शास्त्र, घराणी, परीक्षा यांची तटबंदी उभारली. ...एक गोष्ट मात्र कबूल करते. वर्गातल्या मोठ्या मुलींना मी एकदा गंमत म्हणून भगवानदादांचं ते डुलणं करायला लावलं. तोडे, चक्रदार लीलया करणाऱ्या मुली, पण एकीलाही साधलं नाही. मात्रा रिकामी दिसली की त्या ती भरून टाकतात. पाय थाप मारतो, हात ताणला जातो, मान झटक्यानं वळते. भगवानदादा ती मात्रा जाऊ देतात आणि मग तिच्या मागून निवांत निघतात. समेवर येणं सोपं आहे, मामा. सम डोळ्यांदेखत जाऊ देऊन तिच्याकडे बघून हसणं अवघड आहे. त्याला ताल पक्का लागतो.

मामा : म्हणजे नर्तक!

भाची : घाई नको. म्हणजे तंत्र. चारच पावलांचं, पण तंत्र. आणि ते कुणी लिहून ठेवलं नाही, कुणी शिष्य केला नाही. त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या प्रिंटा गोदामाच्या आगीत गेल्या म्हणतात. ४ फेब्रुवारी २००२ ला दादरला गेले. २०१६ मध्ये 'एक अलबेला' आला, मंगेश देसाईंनी भगवान केला आणि विद्या बालननं गीता बाली. काही दिवस बोलबाला झाला, मग पुन्हा सामसूम. तुम्ही म्हणता लोकांनी निवाडा केला. आज वरातीत नाचणाऱ्या पोरांना विचारा, हे पाऊल कुणाचं? दहात एखादा अमिताभचं नाव घेईल. तुमच्या लोकांनी पाऊल ठेवून घेतलं आणि माणूस टाकून दिला. अस्टेअरनं तोंडाला काळं फासून का होईना, बोजँगल्सचं नाव तरी घेतलं.

मामा : हे लागलं. आम्ही त्याले डोक्यावर घेतलं, पण लक्षात नाही ठेवलं. मग आता तू काय करशील?

भाची : वर्गात शिकवीन. बोल बसवून, मात्रा मोजून, 'भगवान पालव यांची चाल' असं वहीत लिहून घेऊन.

मामा : शिकवलंस की मेलंच समज ते! त्यानं कधी मोजलं होतं का?

भाची : त्यांना मोजायची गरज नव्हती, माझ्या मुलींना आहे. आणि मोजलं नाही तर 'मागे' म्हणजे नेमकं किती मागे, हे पुढच्यांना कळणार कसं?

मामा : अन् फी घेशील त्याची?

भाची : घेणार तर! फुकट नाचायची सवय त्यांनाच फार महागात पडली.